वाघोबाची पुंगळी

वर्तकनगरच्या कर्णिकांकडे सव्वाशे वर्षांपूर्वीची शिकारी रायफल होती. कुण्या साहेबानं खास बनवून घेतलेली, आणि काडतुसंही फक्त तिच्याच मापाची. कुठल्याच कॅटलॉगात त्यांचा पत्ता नव्हता. बारा वर्षं कर्णिक नळीत काडतूस बसतं त्या जागेचा मेणाचा ठसा खिशात घेऊन जुळणारं काडतूस शोधत हिंडत होते. बायको म्हणायची, "एवढं तर मुलासाठी स्थळ नाही शोधलंत!"

वाघबारशीला, वाघोबाच्या पूजेच्या दिवशी, ते मानपाड्याला भोईरांच्या हौसाबाईंकडे जेवायला गेले, तर देव्हाऱ्यात वाघोबापुढे अगरबत्ती खोचलेली उडवलेल्या काडतुसाच्या एका पितळी पुंगळीत. कर्णिकांनी खिशातला ठसा तिच्या शेजारी उभा धरला. उंची तीच, मान तीच, खांदाही तोच!

"हौसाबाई, ही कुठून आली?"

"आमच्या आजेसासऱ्यांनी रानातून उचलून आणली. साहेबाच्या शिकारीला ते हाकारे घालायला होते ना."

"म्हणजे हिच्याच गोळीनं वाघ पडला! माझ्याकडे भिंतीवर रायफलीखाली तशी पाटीच आहे."

"पडला कसला? दहा पावलांवरनं नेम चुकला साहेबाचा. वाघ गेला डुलत डुलत. म्हणून तर पुंगळी वाघोबाला वाहिली."

कर्णिक एवढे मोठ्यानं हसले की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली.

"पाहिजे तर घेऊन जा, भाऊ. एवढी शोधलीत."

"छे, राहू दे इथंच. पुढच्या वाघबारशीला मीच रायफल घेऊन येतो. एकदा तिलाही पाया पडू दे वाघोबाच्या."