टोपीखालचं नाव

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. बसलाच, तर डॉक्टरला दाखवा!” काचेच्या पेटीला पाठ टेकून म्हातारा फिट्झरॉय गरजला. पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या छोट्या संग्रहालयात शनिवारी सहकुटुंब आलेली गर्दी बाकीची दालनं सोडून त्याच्याभोवती जमली.

पेटीत कार्निव्हलच्या मिरवणुकीत दरोडेखोराचं सोंग घेणाऱ्याची टोपी होती. छत्रीएवढी रुंद, तोंड झाकून टाकणाऱ्या झालरीची. खाली पाटी: ‘कोणाची, माहीत नाही’. संग्रहालयातली नेरिसा नवी पाटी लिहायला पेन उघडून उभी होती. आज नाव कळलं तर ठीक, नाहीतर हीच पाटी कायमची.

नाव फिट्झरॉयला पक्कं ठाऊक होतं. ते समोरच्या बाकावर हातपंख्याने वारा घेत बसलं होतं. पण त्याच्या बायकोने, क्लॉटिल्डाने, लग्नाआधीच त्याच्याकडून शपथ घेतलेली. शिट्टी फुंकून भर रस्त्यात माणसं अडवायची आणि बढायांवर बढाया मारून त्यांचे खिसे मोकळे करायचे, हे तेव्हा पुरुषांचंच काम. बाईने दरोडेखोर व्हायचं म्हणजे भलतंच! आणि आता तर ती चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहायची.

“मी मेल्यावर सांग काय ते,” सकाळी ती म्हणाली होती.

“मेल्यावर टाळ्या ऐकू येतील का तुला?”

“शपथ म्हणजे शपथ, फिट्झ.”

शपथ नाव न सांगण्याची होती. खोटं न बोलण्याची नव्हती.

“ही टोपी माझी!” फिट्झरॉयने छाती ठोकली.

हातपंखा थबकला. मग पुन्हा हलू लागला.

“लिहू का तुमचं नाव, अंकल?” नेरिसाने विचारलं.

“दम धर, पोरी. मी जन्मलो तेव्हा धरणीकंप झाला, आणि मला बघून त्याने माफी मागितली!”

“आजोबा, पाय तर तुमचेच कापतायत!” मागून कोणीतरी ओरडलं.

“तो धरणीकंपच आहे. अजून माफी मागतोय!”

लोक खो-खो हसले. फिट्झरॉयने हळूच बाकाकडे पाहिलं. क्लॉटिल्डाचे ओठ हलत होते. तिचीच वाक्यं होती ती. एकेक शब्द ती मनात त्याच्याआधीच म्हणत होती. पाटीवर त्याचं नाव लागलं तरी ती गप्प बसेल, हे त्याला माहीत होतं. पण तिच्या भाषणाचं शेवटचं वाक्य ऐकून एके काळी अख्खा शार्लट स्ट्रीट चिडीचूप व्हायचा. त्याने नेमकं तेच हातात घेतलं आणि मुद्दाम मोडलं.

“मग मला भूक लागली. मी सूर्य खाली ओढला, आणि जरासा... चाटून पाहिला. फार गरम निघाला, म्हणून गपचूप परत ठेवला.”

नेरिसाने पाटीवर पेन टेकवलं.

हातपंखा जमिनीवर आपटला. क्लॉटिल्डा उभी राहिली होती, आणि तिच्या आवाजाने पेटीची काच थरथरली.

“लबाडा! परत ठेवला म्हणे! चाटला नव्हता, गिळला होता. अख्खा. आणि तू नाही, मी!”