सोमगोलचा नकाशा

दोंगहा चढ चढून अंगणात पोचला तेव्हा ओकबुन ताडपत्रीवर मिरच्या पसरून त्यांची देठं खुडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आक्का, आहात ना बऱ्या?"

"मेले असते तर कळलंच असतं की तुमच्या मंडळाला. बस."

तो ओट्याच्या कडेला टेकला. दोन बस बदलून आला होता, गुडघे ठणकत होते. ओकबुननं जवाचं पाणी पुढं सरकवलं. ते त्यानं एका दमात संपवलं आणि बगलेतली गुंडाळी हळूहळू उलगडली. सोमगोलचा नकाशा. गाव धरणाखाली जाऊन पन्नास वर्षं होत आली होती. उठवलेल्या गावकऱ्यांचं इतिहास मंडळ आता गावाचं पुस्तक काढत होतं. नकाशात प्रत्येक घर आणि त्या घराखाली त्या घराण्याची वंशावळ. दोंगहा मंडळाचा चिटणीस होता.

सगळं काम एका घरावर अडलं होतं. ओकबुनच्या बापाच्या. देशाची दोन शकलं झाली त्या लढाईत तो उत्तरेला, शत्रूच्या बाजूला निघून गेला आणि त्याच हिवाळ्यात घर जळालं. कुणी जाळलं, ते गावात कधी कुणी बोललं नाही. "गाव बुडालं तेव्हा ते घर नव्हतंच, मग नकाशात कसं येईल?" अध्यक्ष दर बैठकीत म्हणत. बाकीचे म्हणत, कशाला जुनी खपली काढायची. दोंगहा तीन वर्षं एकटा भांडत राहिला. दोघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बायको म्हणाली, "सख्ख्या भावासाठी तरी इतका भांडला असतात का?" शेवटी गेल्या रविवारी अध्यक्षांनी हात टेकले. पटलं म्हणून नव्हे. सगळेच थकले होते. दोंगहाही इतका थकला होता की त्याला आनंदसुद्धा झाला नाही. आक्काला सांगू तेव्हा होईल, असं तो बसमध्ये मनाशी म्हणत होता.

"आक्का, तुमचं घर घेताहेत नकाशात. ठरलं. सोमवारी छपाईला जातंय."

ओकबुनचा हात थांबला. तिनं बोटं कमरेच्या फडक्याला नीट पुसली, चष्मा चढवला आणि नकाशाजवळ सरकली.

"कुठं?"

त्यानं पेन्सिलीनं काढलेला चौकोन दाखवला. तिनं चौकोनाच्या कडेकडेनं बोट फिरवलं.

"दार चुकलं."

"काय?"

"दार रस्त्याकडं नव्हतं. ओढ्याकडं होतं. आई म्हणायची, दारातून पाणी दिसलं की घरात भांडणं होत नाहीत."

दोंगहानं घाईघाईनं खोडून दार ओढ्याकडं काढलं. ओकबुन सांगत गेली. गोठा या अंगाला. बैल एकच, पण उजव्या डोळ्यानं आंधळा. मागं लोणच्याची मडकी पुरलेली. भिंतीलगत जर्दाळूचं झाड, त्याची अर्धी फळं रस्त्यावरची पोरं खायची आणि बाप ओरडायचा नाही. दोंगहाची पेन्सिल भराभर चालत होती. त्याचा जन्मच घर जळाल्यानंतरचा. त्यानं त्या जागी फक्त गवत पाहिलं होतं. आता तिथं घर उभं राहत होतं. त्याचे गुडघे दुखायचे थांबले.

"आणि नावं, आक्का? वडलांचं, भावांचं, तुमच्या मुलांचं, नातवंडांचं. खाली लिहायची आहेत."

ओकबुननं चष्मा काढला.

"आता खोड."

"दार परत चुकलं?"

"घर खोड. एकदा बघायचं होतं. बघितलं."

दोंगहानं पेन्सिल खाली ठेवली. "आक्का, अहो, आता कोण विचारतंय? बाप तिकडं गेला म्हणून पोरांना अडवायचा कायदा कधीचाच बदललाय."

"कायदा बदलला तेव्हा माझ्या भावाची पस्तिशी उलटली होती. सरकारी परीक्षेत पहिला आलेला पोरगा, बापापायी सरकारनं नोकरी नाकारली. कोळशाच्या खाणीत गेला. कायदा आला तोवर फुप्फुसं काळी झालेली त्याची." ती रागानं बोलत नव्हती. बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. "माझ्या पोरांना मी सांगितलंय, आजोबा तापानं गेले. पोरांनी त्यांच्या पोरांना तेच सांगितलं. दर वर्षी त्याच्या नावानं सूप आणि भात ठेवतात. चांगला आजोबा आहे तो. त्याच्यामुळं कुणाचं काही अडलेलं नाही."

"पण खरं काय ते कुठंतरी राहायला नको?"

"राहिलंय की. माझ्याकडं." ती किंचित हसली. "तुला वाईट वाटलं ना रे? माझ्यासाठी भांडलास. पण दोंगहा, त्याआधी एकदा विचारायचंस तरी."

तीन वर्षांत तो एकदाही विचारायला आला नव्हता. तिला हेच हवं असणार, असं तो धरूनच चालला होता.

त्यानं खोडरबर घेतला. जर्दाळूचं झाड गेलं, गोठा गेला. दार सगळ्यात शेवटी गेलं. कागद तेवढ्या जागी पातळ झाला. ओकबुननं रबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि अंगणाबाहेर झटकला. मग परत येऊन नकाशावर वाकली.

"तुझं घर कुठलं यात?"

त्यानं बोट ठेवलं. ओकबुननं ते घर पाहिलं, त्याच्या बाजूची पांढरी जागा पाहिली.

"म्हणजे तुम्हाला या अंगानं शेजारच नाही की रे," ती म्हणाली, आणि पुन्हा मिरच्यांपाशी जाऊन बसली.