निमगोरी

शुभदानं पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि ती पाटावर येऊन बसली. नौपाड्यातल्या त्या घरात बाकी सगळं जमल्यातच जमा होतं. पत्रिका जुळली होती. मुलाच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, मोठ्या आवाजात दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले होते. राहिला होता फक्त रंग. कल्याणला अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी मंदाकिनीला बजावून पाठवलं होतं, "तू मुलाची काकू. नीट बघ आणि मला एका शब्दात सांग. घरात काळी सून एक आहे, तेवढी पुरे."

"रंग काय म्हणायचा हो हिचा?" मंदाकिनीनं मुलीच्या आईला विचारलं.

सुहासिनीबाई हसल्या. "दिसतोय की. निमगोरी."

"सावळी नाही?"

"छे हो! सावळी निराळी. बघणाऱ्याला फरक कळतो."

"तुम्हाला कळतोच." मंदाकिनीनं बशी खाली ठेवली. "'सावळीसुद्धा नव्हे ही. सावळीला तेज असतं. ही सरळ काळी.' तुमचेच शब्द. फार वर्षांपूर्वी भावासाठी मुलगी बघायला पनवेलला आला होतात तुम्ही. मुलगी दाराआड उभी होती. लग्नात नाव बदललं तिचं, म्हणून आज ओळखलं नाहीत."

सुहासिनीबाई खोबरं पेरत होत्या. चिमूट तशीच बोटांत राहिली.

मंदाकिनी उठली. शुभदाला हाताला धरून तिनं खिडकीशी नेलं. "तुझं काही नाही गं यात," ती हळूच म्हणाली, पण हात सोडला नाही. दोघींच्या बांगड्या वर सरकवून तिनं आपला हात तिच्या हाताला लावून धरला. उन्हात दोन हात. कुठला कुणाचा, ते बांगड्यांवरूनच कळावं.

"आता सांगा. सासूबाईंना तुमचाच शब्द नेऊन देते. पण जो हिला, तोच मला."

सुहासिनीबाईंनी हातांकडे पाहिलं. मग लेकीच्या तोंडाकडे.

"निमगोरी," त्या पुटपुटल्या.

"दोघी?"

"दोघी."

"मोठ्यानं सांगा," मंदाकिनी म्हणाली. "आमच्या भाऊंना कमी ऐकू येतं."