कासव पुढं असेपर्यंत

"आत्या, माझा गेटपास बघितला का?" भाग्यश्रीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मी काय तुझ्या कंपनीची वॉचमन हाय?" सासूनं, कस्तुराबाईनं, हातातल्या पत्त्यांवरनं नजरही काढली नाही.

चिखलीतल्या त्या दोन खोल्यांत एक वस्तू जागेवर राहिली नव्हती. गाद्या उलटल्या, डबे उघडले, नवऱ्याच्या पँटींचे खिसेसुद्धा उलटे झाले. चाकणच्या कंपनीत सुनेचा आज पहिला दिवस. बस पावणेदोनला चौकात येणार. पास नाही तर गेटमधून आत नाही, आणि आज हजर नाही तर जागा दुसरीला. दीड वाजून गेला होता.

कस्तुराबाई तेवढी पलंगावर मांडी ठोकून नातीशी खेळत होती. पत्ते राजा-राणीचे नव्हते, मिनलचे होते, जनावरांचे. प्रत्येकाची ताकद चित्राखाली बारीक अक्षरांत. बाईची शाळा दुसरीतच सुटलेली. ती नातीकडून वाचून घ्यायची, आणि वर तिलाच लबाड म्हणायची.

तिनं वाघीण मांडली. वाघिणीपुढं दगडी कासव.

"ह्याचं काय लिवलंय?"

"कासव पुढं असेपर्यंत मागच्या कुणावर वार करता येत नाही."

"बास! शाणं जनावर हाय."

आत कपाटाचं दार आपटलं. बाईचा गुडघा सारखा हलत होता. समोर भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, कोंडीरामचा फोटो. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीननं त्याची तीन बोटं नेली, तेव्हापासून तो जाईपर्यंत त्याच्या शर्टाची बटणं तिनंच लावली. सुनेलाही प्रेसवरच घेतलं होतं.

मिनलनं एकेक करत पाच जनावरं जमवली. बाईनं वाघीण पुढं सरकवली.

"नाही आजी. कासवामागनं वार नाही करता येत."

"आँ? अगं, वाघीण हाय ती!"

"असू दे. कासव तिला मरू देत नाही, पण लढूपण देत नाही. पुढचं वाचणार होते, तर तू मध्येच बोललीस."

"मग मार की त्या कासवाला!"

"मी कशाला मारू? माझं मस्त चाललंय. ज्याचं कासव, त्यानंच उचलायचं."

भाग्यश्री येऊन उंबऱ्यावर बसली. "राहू द्या आत्या. नाही मिळत." ती नव्या सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठ सुटेना. दहाही बोटं नाडीशी झटत होती.

कस्तुराबाई त्या बोटांकडं बघत राहिली. मग तिनं कासव उचललं. कमरेची चंची सोडली, सुपारीखालनं एक पत्ता काढला आणि वाघिणीपुढं टाकला.

"आजी, हा आपल्यातला नाही!" मिनल ओरडली. "ह्याच्यावर आईचा फोटो आहे!"

भाग्यश्रीचे हात नाडीवरच थांबले.

"बघत काय बसलीस? बूट बांध, बस जाईल!" कस्तुराबाई खेकसली. "आणि घरी आलीस की आधी बोटं मोजून दाखव मला. दहाच्या दहा."