मचाणावरचा देश

भरतीचं पाणी मचाणाच्या पायऱ्या चढत होतं. मंजुळाबाईंनी वकील देवस्थळींना फोन लावला. "नातीचं बारसं आहे. दोन दिवस जाऊन येते."

"बाई, बेट बुडाल्यापासून तिथे तुम्ही एकट्याच राहता," देवस्थळी म्हणाले. "एक तरी माणूस राहतंय, तोवरच कायद्याने तो देश आहे. तुम्ही निघालात, की परदेशात राहणाऱ्या आमच्या सगळ्या नागरिकांना तिथला जबर कर भरावा लागेल."

"मग बदली माणूस पाठवा."

"कोणी तयारच होत नाही. कर कमी हवा सगळ्यांना, पण तिथे राहायचं कोणी?"

नातवाच्या बारशालाही ते हेच बोलले होते. तो आता शाळेत जात होता.

"साहेब, इथे रजा कोण देतं?"

"सरकार."

"आणि मागच्या निवडणुकीत कोण निवडून आलं?"

"तुम्हीच. मत तिथे राहणाऱ्यालाच, दुसरा मतदार आहे कुठे?"

मंजुळाबाईंनी फोन ठेवला, बाळाची दुपटी पिशवीत भरली आणि स्वतःची रजा मंजूर केली. होडी थोडी दूर गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. देश गेला होता. मचाण तेवढं उरलं होतं.