न रागावणारी आई

मृण्मयी भयपट लिहीत होती. त्यासाठी डार्क वेबवरच्या आख्यायिका धुंडाळताना तीन वर्षांच्या जुईच्या कानावर भलतंसलतं पडू नये, म्हणून तिने मुलीला सांभाळणाऱ्या यंत्राला स्वतःचा आवाज दिला होता. अंगाई, लाडाची नावं, सगळं शिकवलं. रागावणं तेवढं शिकवलं नाही.

आज पाहणाऱ्याचा जीव घेणाऱ्या व्हिडिओची आख्यायिका रंगात आली असताना पलीकडच्या खोलीतून यंत्राच्या गोष्टीवर जुईचं खिदळणं ऐकू आलं. आपल्यापाशी ही पोर अशी कधी हसली होती?

तिने तरातरा जाऊन यंत्र बंद केलं. "ये गं चिमणे, पुढची गोष्ट मी सांगते."

जुईने तिच्या तोंडावर तळवा ठेवला.

"शू! तू नको. आईला बोलू दे."