एकोणतिसाचा पाढा

डॉक्टरांचा फोन ठेवल्यापासून मंदाकिनीबाई मनात एकोणतिसाचा पाढा घोकत होत्या. दिगंबरराव समोरच पेपर वाचत बसले होते.

नवराबायकोची डोकी घरातल्या घरात जोडायला माणूस आला, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "काय काय शेअर करू?"

"सगळंच करा. आमच्यात लपवण्यासारखं आहे काय?" बाई ठसक्यात म्हणाल्या होत्या.

आता दिगंबररावांनी बाईंच्या मनात नुसतं डोकावलं, तरी डॉक्टरांचं वाक्य सापडणार होतं, 'यजमानांच्या हातात फार तर दोन महिने.' वर पाढा चालू असला की खालचं दिसत नाही, असं शेजारीण म्हणाली होती.

"अगं, वाण्याची यादी काढतोय," दिगंबरराव म्हणाले.

यादी दोघांच्या मनातून मिळून छापली जायची. बाईंनी धावत जाऊन प्रिंटरमधून कागद ओढला. तूरडाळ, साबण, चहा आणि खाली एकोणतिसाचा पाढा. बाकी काही नाही. हुश्श!

मग त्यांना शेजारचा, दिगंबररावांचा रकाना दिसला. तिथे सत्ताविसाचा पाढा होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

दिगंबररावांनी तोंडासमोरचा पेपर हलवला नाही. "परवा रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो ना."